बंद पेटीतला गंज

खंडेनवमीला गावोगाव हत्यारांच्या पेट्या उघडतात. रंधा, पटाशी, करवत, पाने, पकडी पूजेसाठी बाहेर निघतात आणि त्यांतल्या काहींवर तांबूस पापुद्रा दिसतो. हत्यारे जूनपासून छपराखाली, कुलूपबंद होती, पावसाचा थेंबही त्यांना लागला नव्हता. मग गंज आला कुठून, याचे घरच्यांना नवल वाटते.

गंज चढायला थेंब लागतच नाही. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की पुरे, आणि ते पाणी डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा अतिशय पातळ, अदृश्य थर बसतो. ८० टक्क्यांच्या आसपास गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो, आणि कोकणात पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ याहूनही दमट असते. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात मात्र तेच हत्यार उघड्यावर राहूनही चकचकीत राहू शकते.

‘झाकून ठेवले की सुरक्षित’ हा समज म्हणूनच सर्वांत महागात पडतो. पावसाळ्यात बंद केलेल्या पेटीत दमट हवाही बंद होते. रात्री धातू गार पडला की त्याच हवेतले पाणी त्यावर दव होऊन बसते आणि वाळायला त्याला वाट नसते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेल्या हत्याराचे हाल आणखी वाईट. पेटी ताज्या, नीट न वाळलेल्या लाकडाची असेल तर लाकूड ओलाव्यासोबत अ‍ॅसेटिक आम्लाची वाफही सोडते. आणि ज्या कपाटात संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड ठेवले आहे तिथे हत्यारे कधीच ठेवू नयेत. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाटलीच्या झाकणातूनही निसटते आणि आठवड्याभरात शेजारच्या पोलादावर गंज आणू शकते.

सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी आहेत, पण घट्ट बंद होणाऱ्या डब्यातच. फटी असलेल्या पेटीत त्या बाहेरच्या हवेचा ओलावा शोषत बसतात आणि लवकरच भरतात. मग त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्या लागतात.

घामाकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. घामात मीठ असते आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. दिवसभर राबवलेला पाना न पुसता पेटीत टाकला, तर गंज बोटांच्या ठशांपासूनच सुरू होतो. काही माणसांच्या हाताने लोखंड इतरांपेक्षा लवकर गंजते, हे यंत्रशाळांत फार पूर्वीपासून माहीत आहे, म्हणून तिथे मोजमापाची नाजूक साधने वापरल्यावर पुसून, तेल लावूनच ठेवतात. घरी एवढे नको, पण कोरड्या फडक्याचा एक हात हवाच. पूजेनंतर हत्यारांवर रात्रभर राहिलेली ओली फुलेही डाग पाडतात. ती दुसऱ्या दिवशी उचलून हत्यार पुसावे, श्रद्धेला त्याने कुठेच बाधा येत नाही.

पुसल्यानंतर तेल. पण ‘कोणतेही तेल चालते’ हे खरे नाही. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते. लाकडी मुठींना ते उत्तम, पण रंध्याच्या सरकत्या भागांत ते चिकटून बसते. सूर्यफूल किंवा सोयाबीनचे तेलही काही काळाने चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. खोबरेल असे सुकत नाही. रोज वापरात असलेल्या विळीला किंवा कोयत्याला ते चांगलेच, शिवाय अन्नाला लागले तरी हरकत नसते. पण महिनोन्महिने ठेवायच्या हत्याराला ते लावू नये, कारण जुने होऊन खवट झालेल्या तेलात आम्ले तयार होतात. तिथे शिलाई मशीनचे तेल लावावे, आणि पूर्ण पावसाळा काढायचा असेल तर ग्रीस किंवा मेणाचा पातळ हात द्यावा. रॉकेल मळ सोडवायला छान, पण ते उडून जाते आणि मागे फारसे काही उरत नाही.

फवारणीच्या डबीबद्दलही असाच गैरसमज आहे. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने बनवले. ‘पाणी हटवणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आणि चाळिसावा प्रयोग यांवरून ते नाव पडले. पाणी हटवायचे काम ते उत्तम करते. भिजलेले हत्यार त्याने कोरडे करावे, पण त्यातले द्रावक उडून गेल्यावर उरणारा तेलाचा थर फार पातळ असतो. चार महिन्यांच्या पावसाळ्याची राखण त्याच्यावर सोपवू नये.

पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेले असते आणि दुकानदार ‘गंजत नाही’ असे सांगून तो विकतो. स्टेनलेस म्हणवायला पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते, आणि पान्याच्या या पोलादात ते साधारण १ टक्काच असते. गंजापासून त्याला वाचवतो तो वरचा चकचकीत मुलामा. त्याला ओरखडा पडला की गंज आत शिरतो आणि मुलाम्याखाली पसरतो. खुद्द स्टेनलेसही खाऱ्या हवेत आणि मिठाच्या पाण्यात बारीक खड्डे पडून गंजते.

‘जुने लोखंड गंजत नव्हते’ असे सांगताना दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला देतात. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा राखणदार थर तयार झाला. म्हणजे स्तंभ थोडा गंजला आणि त्या गंजानेच पुढचा गंज रोखला. पण इतका फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतो, म्हणून पटाशी किंवा कोयत्याच्या पोलादात तो जाणूनबुजून कमी ठेवतात. आजोबांचा कोयता टिकला तो रोज वापरला, पुसला आणि पाजवला गेला म्हणून.

सर्वांत धोक्याचा समज आरोग्याचा आहे. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जिवाणू माती, धूळ आणि जनावरांच्या शेणात असतात. त्यामुळे ‘कोयता चकचकीत होता, मग इंजेक्शन कशाला’ म्हणून कोणी शेतातली जखम अंगावर काढू नये. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि ती खोल किंवा मातीने माखलेली असेल, शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.