आचारी ठरवील ते

फ्रेंच जेवण म्हटलं, की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, ‘पोट भरतं का हो?’ प्रश्न रास्त आहे. भली मोठी बशी, तिच्या मधोमध दोन घासांचा ऐवज, आणि असे आठ-दहा प्रकार एकामागून एक. (पोट भरतं. दोन तास बसल्यावर न भरून सांगतं कुणाला!) या जेवणात मेनूकार्डावरून निवडायला काही नसतं. आज बाजारात काय उत्तम आलं ते पाहून आचारी ठरवतो आणि आपण मुकाट जेवतो. ऋतू पालटला की अख्खा बेत पालटतो.

गंमत अशी, की एकेक पदार्थ पाळीपाळीनं वाढायची ही तऱ्हा मुळात फ्रेंच नव्हेच. पूर्वी तिकडंही आपल्या पंगतीच्या पानासारखे बरेच पदार्थ एकदम मांडले जात. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत पॅरिसला आली आणि रुजली. ऋतूचा आताचा आग्रह तर अगदी अलीकडचा. १९७३ मध्ये आंरी गो आणि क्रिस्तियां मियो या दोन समीक्षकांनी नव्या स्वयंपाकाची दहा सूत्रं मांडली. जड सॉस नकोत, माल ताजा हवा, उगाच फार शिजवू नका, असा त्यांचा रोख होता. लियोंजवळचे नामांकित आचारी पॉल बोक्यूज यांनी १९७६ मधल्या आपल्या पुस्तकाला नावच दिलं ‘बाजाराचा स्वयंपाक’.

पण मला खरं कुतूहल वाटतं ते मिशेल ब्रास यांच्या ‘गार्गुयू’चं. लायोल नावाच्या डोंगराळ गावातला हा माणूस, स्वयंपाक आईच्या हाताखाली शिकलेला. त्यांच्या या बशीत कोवळ्या भाज्या, पानं, फुलं असे डझनावारी जिन्नस असतात. त्या त्या दिवशी मळ्यात-रानात जे असेल ते, आणि प्रत्येक भाजी वेगळी शिजवलेली. हे वाचलं तेव्हा आमच्या घरात एकच उद्गार निघाला, ‘अहो, ही तर ऋषीची भाजी!’ भाद्रपदातल्या पंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून केलेली. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, सुरण, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. फरक इतकाच, की आपल्याकडं सगळं एकाच पातेल्यात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी तशीच. ओला हरभरा, गाजर, घेवडा, वांगी, वर तीळ. कांदेनवमीला कांदा खाऊन घ्यायचा आणि पुढं चार महिने त्याचं नाव काढायचं नाही, हासुद्धा एक ठरवून दिलेला मेनूच. तो ठरवणाऱ्या बाईला कुणी तारे दिले नाहीत, हे वेगळं.

नाशिकला फ्रान्स आला तो द्राक्षांच्या वाटेनं. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली निघाली, २०१३ मध्ये ‘शांदों’ या फ्रेंच घराण्याची भारतीय वाइन बाजारात आली, तिचा कारखाना दिंडोरी तालुक्यात. वेलींच्या जातीही शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां अशा तिकडच्याच. पण तिकडचा ऋतूचा हिशेब काही इकडं आला नाही. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला तो वेगळाच दिसतो. निफाड-दिंडोरीकडं ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारी ते मार्च-एप्रिल माल, हा सरधोपट क्रम. सटाण्याच्या बाजूला, बागलाणात मात्र ‘अर्ली’ची छाटणी जून-जुलैत करतात, म्हणजे माल दिवाळी ते नाताळच्या सुमारास निघतो. तेव्हा बाजारात दुसरी द्राक्षं नसतात, म्हणून भाव. पण घड ऐन भरात असताना परतीचा पाऊस गाठतो. २०१९ च्या ऑक्टोबरात त्यानं बागलाणच्या बागा झोडपून काढल्या. मणी तडकले, घड कुजले. कर्ज मात्र तडकत नाही!

म्हणजे आमच्याकडं पैसा मिळतो तो ऋतू मोडण्याचा, आणि जोखीमही ज्यानं मोडला त्याच्या एकट्याच्या माथी. त्या फ्रेंच टेबलावर गिऱ्हाईक पैसे मोजतं ते ऋतू पाळल्याबद्दल. मुंबईत महालक्ष्मीला, जुन्या लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात २०१६ पासून ‘मास्क’ चालतं. तिथंही ठरलेला, ऋतूनुसार बदलणारा बेत असतो, आणि माल शक्यतो भारतातला. माणशी काही हजार रुपये पडतात. महाग? आहेच. पण तिथं जेवायला बसणारी माणसं ती किती! अशा हॉटेलांच्या भरवशावर बागलाणचा एक ट्रकही उतरायचा नाही.

उरतो तो घरचा बाजार. पावसाळ्यात पेठ, सुरगाणा, हरसूलकडून बाया टोपलीत करटुली घेऊन शहरात येतात. पाव किलोचा भाव ऐकून आपण म्हणतो, ‘एवढी महाग?’ आणि बारमाही फ्लॉवरकडं वळतो. करटुल्याचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, वेल रानातला, तोडायला काटेकुटे तुडवत जावं लागतं; भाव त्याचाच असतो.

आमच्याकडं ऋषीची भाजी अजून होते. गेल्या वर्षी नातवानं सुरण बाजूला सारलं, अळूकडं संशयानं पाहिलं आणि कणसाचे तुकडे तेवढे चोखून ताटाच्या कडेला रचून ठेवले. मग विचारलं, ‘आजी, हे परत कधी?’ तिनं सांगितलं, पुढच्या भाद्रपदात. एवढं थांबायचं, हे काही त्याला पटलं नाही.