उद्या रियाधला

बुढापाऱ्यातून बोलतोय. उद्या, ५ नोव्हेंबर २०२५ ला, एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये आपली एफसी गोवा रियाधला अल नासरशी खेळणार. तीन सामने झाले, गुण शून्य. उद्या हरलो तर वाट जवळपास बंदच. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात १-२ ने हरलो. रोनाल्डो तर आलाच नव्हता! पण ब्रायसन फर्नांडिसने त्यांच्यावर गोल केला, तेव्हापासून माझी झोप उडालीय.

परमुलखात अडचण कसली? प्रवासाने पाय जड, गर्दी त्यांची. फौजेत अशा वेळी आधी ठाणं राखतात. पहिली वीस मिनिटं गोल खायचा नाही; मग प्रेक्षक चुळबुळतात, घाई यजमानांना होते. युरोपातले पाहुणे संघही बरेचदा हेच करतात.

नातू म्हणतो, "आजोबा, मार खाणार!" खाऊ देत. मी जागणार.