ज्योतीला हवा हवी

कामोठे, करंजाडे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या वन-बीएचके फ्लॅटचं बाथरूम टेप लावून मोजलं तर बहुधा चार बाय सहा फुटांच्या आसपास भरतं. उंची आठ फूट धरली तर आत जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. अनेक घरांत याच खोलीत, नळाच्या वर, सहा लिटरचा गॅस गिझर टांगलेला असतो. मिनिटाला सहा लिटर पाणी आंघोळीइतकं कढत करायचं तर स्वयंपाकघरातल्या शेगडीच्या चार-पाच बर्नरांएवढी आच लागते. पूर्ण ताकदीनं तासभर चालला तर असा गिझर एक किलोच्या आसपास एलपीजी जाळतो, आणि एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे दार-खिडकी घट्ट बंद असेल तर अर्ध्या तासात बाथरूममधली सगळी हवा एकट्या गिझरला लागेल. पण गडबड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून तीन टक्क्यांनी उतरला तरी ज्योत बिघडते, आणि या हिशेबानं त्याला चार-पाच मिनिटं पुरतात. नीट जळणारा गॅस पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड देतो. अर्धवट जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड देतो.

हा हिशेब इतका सोपा असूनही आपल्याकडे कुणी मांडत नाही, कारण गॅसची भीती आपण नाकाशी बांधून ठेवली आहे. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. त्या वासाच्या धाकानं घरोघरी चांगल्या सवयी लागल्या. रात्री रेग्युलेटर बंद करायचा, वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, 1906 या चोवीस तासांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. या सवयी मोलाच्या आहेत. पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही, त्यानं ठसकाही लागत नाही. गळती मुळीच नसताना, सिलिंडर-नळी-रेग्युलेटर सगळं धडधाकट असताना, चांगल्या पेटलेल्या गिझरखाली माणूस मरू शकतो. अशा घरात शिरणाऱ्याला गॅसचा वास येत नाही. म्हणून शेजारीपाजारी हृदयविकाराचा झटका म्हणतात, आणि पुष्कळदा तिथेच विषय संपतो.

8 मार्च 2023 रोजी घाटकोपर पूर्वेला एका उंच इमारतीत नवरा-बायको बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडले. आदल्या दिवशी दोघं रंग खेळून आले होते. गॅस गिझरच्या वायूनं गुदमरले असावेत, हा पोलिसांचा पहिला अंदाज होता. रंगाचा दिवस धोक्याचा का, हे समजून घेण्यासारखं आहे. एरवी आंघोळ दहा मिनिटांत उरकते. रंग काढायचा तर पाणी बराच वेळ वाहतं आणि गिझरही तेवढाच वेळ पेटलेला राहतो. तीच गोष्ट थंडीतल्या सकाळची आणि दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाची. घरात एकामागून एक चार माणसं आंघोळ करतात, मधे गिझरला उसंत नसते, आणि तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या माणसाला आधीच्यांनी वापरलेली हवा मिळते. एरवी दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या काचपट्ट्यांतून थोडी हवा येत राहते आणि वर्षानुवर्षं काही होत नाही. मग एखाद्या दिवशी थंडी म्हणून खिडकी लावलेली असते, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी पायपुसणं सरकवलेलं असतं, आणि बर्नरवर धूळ-काजळी साचलेली असते. ‘आमच्याकडे दहा वर्षं आहे, कधी काही झालं नाही’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नये.

पनवेलच्या जुन्या वाड्यांत पाणी तापायचं ते तांब्याच्या बंबात. बंब परसात किंवा मागच्या पडवीत असायचा. न्हाणीघराच्या कौलांना फटी असायच्या, मोरी उघडी असायची. धूर डोळ्यांत जायचा, पण साचायचा नाही. त्या वाड्यांच्या जागी आज इमारती आहेत. ऑक्टोबर 2016 मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. तिच्या हद्दीत खारघरपासून कळंबोलीपर्यंत मनोरेच मनोरे आहेत. खाडीकाठच्या या भागात डासांनी जीव नकोसा होतो, म्हणून संध्याकाळ झाली की खिडक्या लागतात. एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर कबुतरांसाठी पुठ्ठा ठोकलेला मी अनेक घरांत पाहिला आहे. हवा येण्याची प्रत्येक वाट आपण अगदी योग्य वाटणाऱ्या कारणासाठी बुजवत गेलो आणि आच मात्र परसातून उचलून आत आणली.

हा वायू शरीरात करतो काय? रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातला ऑक्सिजन उचलून अवयवांपर्यंत नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट. पनवेल लोकलमध्ये सीएसएमटीलाच बसलेला प्रवासी शेवटच्या स्टेशनापर्यंत सीट सोडत नाही, तसा तो बसून राहतो. श्वास चालू असतो, हवा आत जाते, पण ऑक्सिजनला जागा मिळत नाही. क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही यंत्रणा दाखवून दिली. पुढे ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी सिद्ध केलं की खाणीतल्या स्फोटांनंतर मजूर भाजून मरतात त्यापेक्षा जास्त याच वायूनं मरतात. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून त्यांनी विषबाधेची लक्षणं नोंदवली, आणि खाणीत छोटे प्राणी-पक्षी नेण्याचा उपाय सुचवला. ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी 1986 पर्यंत होते. 

लक्षणं फसवी असतात. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, पायांतली ताकद जाते. आपण म्हणतो पित्त झालं, उपाशीपोटी आंघोळ केली म्हणून भोवळ आली. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी-मळमळ सुरू झाली आणि बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटलं, तर पित्ताचा विचार सोडून आधी ज्योतीचा विचार करायला हवा. विषबाधा वाढली की विचार गोंधळतात, आणि नेमकं त्याच वेळी दार उघडून बाहेर पडायचं असतं. काहींना थेट फिट येते. बाथरूममध्ये बेशुद्ध किंवा फिट आलेल्या अवस्थेत सापडणाऱ्या अशा रुग्णांवर भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी इतकं लिहिलं आहे की वैद्यकीय नियतकालिकांत ‘गॅस गिझर सिंड्रोम’ हे नावच रुळलं. गिझरबद्दल कुणी विचारलं नाही तर अशा माणसाला अपस्माराच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. काही रुग्ण शुद्धीवर येऊन घरी जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी स्मरणशक्ती ढासळते, हातपाय कापू लागतात, स्वभाव बदलतो.

कोविडनंतर घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे. या विषबाधेत तो सपशेल खोटं सांगतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन त्याला वेगळं ओळखता येत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असताना आकडा 98 दिसू शकतो. आकडा चांगला म्हणून रुग्णाला घरीच झोपवून ठेवू नका. आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा, 108 ला फोन लावा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: ‘गॅसचा गिझर चालू होता.’ त्या एका वाक्यानं डॉक्टर रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासायला पाठवतील आणि मास्कनं शुद्ध ऑक्सिजन सुरू करतील. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात. आत शिरणाऱ्यानंही भान ठेवायचं आहे. श्वास रोखून दार सताड उघडायचं, माणूस ओढून बाहेर काढायचा. आत बसून पाणी मारत, नाव घेत हलवत बसणारा दुसरा बळी ठरतो.

आता एक नाजूक विषय, जो आपल्या घरांतच बोलला पाहिजे. बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी. शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी यांमागे आई-आजीची माया आहे, त्या मायेबद्दल शंका नाही. पण कोळसा हे कार्बन मोनॉक्साइड तयार करणारं सगळ्यात पक्कं इंधन आहे. धूर सरला आणि निखारे लालबुंद झाले की आजी म्हणते, आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. धूर नसलेला तोच निखारा हा वायू सोडत राहतो. बाळाला वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या लावलेल्या, बाजेखाली शेगडी, आणि बाजेवर ओली बाळंतीण आणि तिचं तान्हं. बाळाचा श्वासाचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून विषही त्याच्या अंगात लवकर भिनतं. गरोदरपणात तर पोटातल्या गर्भाचं हिमोग्लोबिन हा वायू आईपेक्षाही जास्त धरून ठेवतं. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्यावा. निखारे खोलीत नकोत, या बाबतीत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

घराबाहेर पडल्यावर धोका वाढतो, कारण परक्या ठिकाणी गिझर कुणी बसवला, चिमणी कुठे उघडते, काही ठाऊक नसतं. जानेवारी 2020 मध्ये केरळचे आठ पर्यटक नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टमध्ये उतरले. कडाक्याची थंडी, म्हणून खोलीत गॅसचा हीटर, आणि दारं-खिडक्या आतून बंद. सकाळी आठही जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरनं काठमांडूला नेलं, एकही वाचला नाही. त्यांत चार मुलं होती. डिसेंबर 2024 मध्ये केरळमध्ये वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. जनरेटरचा धूर आत येत होता. ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर 2006 मध्ये सुटीला गेलेल्या दोन ब्रिटिश भावंडांचा हॉटेलच्या बंगल्यात मृत्यू झाला. दोष बाहेरच्या खोलीतल्या बॉयलरचा होता. मुलांनी तर त्याला हातही लावला नव्हता.

पनवेल हे प्रवासाला निघण्याचं नाकं आहे. द्रुतगती मार्ग कळंबोलीतून सुटतो, गोव्याचा रस्ता पळस्प्याहून. नेरे, वाजे, मालडुंगे बाजूची फार्महाऊसं शनिवार-रविवारी भाड्यानं जातात; पुढे पवनेच्या काठी तंबूंच्या रांगा. या सहलींत अर्धी रात्र बार्बेक्यूभोवती जाते आणि मग गारठा वाढला की कुणीतरी ती निखाऱ्यांची पाटी तंबूत ओढतो. असं कधीही करू नका. गाडीचं इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका, बंद गॅरेजमध्ये तर नाहीच. ट्रकच्या केबिनमध्ये छोट्या सिलिंडरवर स्वयंपाक करणाऱ्या चालकांनी काचा खाली ठेवाव्यात आणि झोपण्याआधी ज्योत विझवावी. फार्महाऊस ठरवताना स्विमिंग पूल विचारतो तसं विचारावं की गिझर विजेचा आहे की गॅसचा, आणि गॅसचा असेल तर बाथरूमच्या आत आहे की बाहेर. हिमाचल-काश्मीरला जाणाऱ्यांनी रूम हीटर विजेचा मागावा. बुखारी, म्हणजे तिथली लाकूड-कोळशाची शेगडी, असेल तर तिचा धूर नळकांड्यातून बाहेर जातो ना, हे डोळ्यांनी बघावं.

इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून भाड्याच्या घरात, स्वयंपाकाची शेगडी सोडून कायम बसवलेलं कोणतंही इंधनावरचं उपकरण असेल त्या खोलीत घरमालकानं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं सक्तीचं आहे. आपल्याकडे हा अलार्म ऑनलाइन मिळतो, पण घेताना काळजी घ्या. ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून विकलं जाणारं बरंच सामान फक्त एलपीजीची गळती ओळखतं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीलगत लावतात; पाइपचा नैसर्गिक वायू हलका, त्याचा वर छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा, सगळीकडे मिसळणारा. त्याचा अलार्म स्वतंत्र घ्यावा लागतो. प्रवासाच्या बॅगेत मावेल एवढा तो लहान असतो.

ज्योतीवर लक्ष ठेवणं मात्र फुकट आहे. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, लवलवती झाली, भांड्यांचे बूड काळे पडू लागले किंवा गिझरच्या पत्र्यावर काजळी दिसली, की ते उपकरण वापरणं थांबवून वर्षाची सर्व्हिसिंग करून घ्या.

खरा उपाय एकच आहे, गिझर बाथरूमच्या बाहेर: हवेशीर ड्राय बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूला. पाण्याची पाइपलाइन फिरवायला एक दिवसाचं प्लंबिंग लागतं. सोसायट्यांनी दिवाळीआधी प्रत्येक मजल्यावर फिरून किती गिझर आत आहेत याची यादी करावी. लिफ्टची तपासणी होते, तशी हीही व्हावी. भाड्यानं घर देणाऱ्यांनी गॅस गिझर आत ठेवून किल्ली देऊ नये. खारघर-पनवेलच्या कॉलेजांत शिकायला आलेली, चौघं-चौघं मिळून राहणारी मुलं-मुली तक्रार करत नाहीत, मिळेल त्या घरात राहतात. त्यांच्या आई-वडिलांनी फोनवर जेवणाची चौकशी करतो तशी गिझरची करावी. आणि तो बाहेर निघेपर्यंत आजपासून एवढं पाळावं: दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग दार लावून आंघोळ करायची.