जिभेखालचा बंध, ओठाचा बंध आणि प्रौढ वयातील शस्त्रक्रिया: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जीभ वर उचलून आरशात पाहिली, की तिच्या पोटापासून तोंडाच्या तळाकडे उतरणारा एक मऊ पडदा मध्यरेषेवर दिसतो. वरच्या ओठाच्या आतून हिरडीकडे येणारा असाच एक बंध असतो, खालच्या ओठालाही असतो. हे बंध प्रत्येकाला असतात. जिभेखालचा बंध फार आखूड किंवा जाड असेल, टोकाच्या अगदी जवळ जोडलेला असेल आणि त्यामुळे जिभेची हालचाल खरोखर अडत असेल, तरच त्याला दोष म्हणायचे. वैद्यकात त्याला ॲंकिलोग्लोसिया म्हणतात. घरोघरी ‘जीभ चिकटलेली आहे’ असे म्हटले जाते ते हेच. निरनिराळ्या पाहण्यांत नवजात बाळांमध्ये त्याचे प्रमाण साधारण ४ ते १० टक्के आढळते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत तो जास्त दिसतो. यांतले अनेक जण काहीही न करता मोठे होतात, बोलतात, खातात. जिभेखाली असा बंध होता, हे काहींना चाळिशीत दातांच्या डॉक्टरांकडूनच पहिल्यांदा कळते.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात या विषयाला दोन वेगळे पदर आहेत. इथली माणसे मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत वावरतात, त्यामुळे उच्चाराचा प्रश्न चटकन ‘जीभ जड आहे’ या निदानापाशी येऊन थांबतो. दुसरा पदर तंबाखूचा. निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. मिश्री, तपकीर, चुना-तंबाखू, गुटखा यांनी तोंडाचे जे नुकसान होते, त्यातही जीभ आखडते. ते आखडणे आणि जन्मजात बंध यांची गल्लत झाली, तर धोका मोठा आहे.

‘बंध दिसला की तो कापायलाच हवा’

बंध किती मोठा दिसतो यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. जीभ काय करू शकते आणि काय करू शकत नाही, यावर तो होतो. लॉरेन्स कोटलो यांनी १९९९ मध्ये दिलेली मोजणी अजून वापरली जाते: बंधाच्या जोडापासून टोकापर्यंत जिभेची मोकळी लांबी १६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती सर्वसाधारण, १२ ते १६ सौम्य, ८ ते ११ मध्यम, ३ ते ७ तीव्र आणि ३ पेक्षा कमी म्हणजे जीभ जवळजवळ पूर्ण बांधलेली. पण लांबी सारखीच असलेल्या दोन माणसांपैकी एकाला अडचण असते, दुसऱ्याला नसते. म्हणून २०१७ मध्ये ऑड्री यून आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक माणसे तपासून हालचालीचे गुणोत्तर पुढे आणले. आधी तोंड पूर्ण उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांतले अंतर मोजायचे. मग जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकवून, ते न सोडता, तोंड जितके उघडेल तितके उघडायचे आणि पुन्हा मोजायचे. पहिले अंतर ४८ मिलिमीटर आणि दुसरे ३० असेल, तर गुणोत्तर साधारण ६२ टक्के येते. ५० टक्क्यांच्या खाली गेले की हालचाल स्पष्टपणे मर्यादित मानतात.

या मोजणीत एक खाच आहे आणि ती या भागासाठी फार महत्त्वाची आहे. ज्याचे तोंडच २० मिलिमीटर उघडते, त्याची जीभ टाळूला टेकवूनही १८ मिलिमीटर उघडेल आणि गुणोत्तर ९० टक्के येईल. कागदावर जीभ उत्तम, प्रत्यक्षात आजार गंभीर. म्हणून तोंड किती उघडते हा आकडा आधी स्वतंत्रपणे पाहायला हवा. प्रौढ माणसाचे तोंड सहसा ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, हे घरीही पाहता येते.

‘जीभ आखडली म्हणजे बंधच असणार, कापला की सुटेल’

जन्मजात बंध जन्मापासून असतो. तो तिशीत किंवा पन्नाशीत नव्याने उगवत नाही. आधी मोकळी असलेली जीभ मोठेपणी बाहेर येईनाशी झाली, तोंड कमी उघडू लागले, तिखट लागताच आग होऊ लागली, गालाच्या आत पांढुरके पट्टे हाताला लागू लागले, तर ते सबम्युकस फायब्रोसिसचे लक्षण आहे. सुपारी हे त्याचे मुख्य कारण. सुपारीतल्या अरेकोलिनसारख्या द्रव्यांमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचतात, अस्तर ताठर होते आणि गाल, टाळू, जीभ सगळेच आवळले जाते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले. ‘आम्ही तंबाखू खात नाही, फक्त सुपारी’ हे समाधान म्हणूनच फसवे आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन एकत्र चघळणे थांबलेले नाही.

अशा तोंडात जिभेखालचा पडदा ताणलेला दिसतो आणि तो कापून घेण्याची मागणी होते. कापल्याने जीभ सुटत नाही, कारण तंतू त्या एका पडद्यात नसून सगळ्या अस्तराखाली पसरलेले असतात. उलट जखमेचा नवा वण पडतो. हा आजार पुढे कर्करोगात बदलू शकतो, म्हणून त्याची वाट वेगळी: सुपारी-तंबाखू पूर्ण बंद, तोंड उघडण्याचे व्यायाम, औषधे, गरज पडल्यास वेगळ्या प्रकारची शस्त्रक्रिया आणि वर्षानुवर्षे नियमित तपासणी. जिभेच्या कडेला किंवा तळाशी कडक गाठ आल्यानेही जीभ एका जागी जखडते. तिथे तर एकेक आठवडा मोलाचा.

बोलणे अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत जड झाले, तोंड एका बाजूला ओढले गेले, हातातले बळ गेले, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा वेळी दातांच्या दवाखान्यात न जाता थेट मोठे रुग्णालय गाठायला हवे.

‘बोबडेपणा, तोतरेपणा, अडखळणे: सगळे बंधामुळे’

कोणता वर्ण बिघडतो हे ऐकले तर बराच उलगडा होतो. प, फ, ब, भ, म हे ओठांचे वर्ण. जिभेच्या बंधाशी त्यांचा संबंध नाही. क, ख, ग, घ जिभेच्या मागच्या भागातून निघतात. ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणाऱ्याची अडचण बंधाची नसते, कारण बंध अडवतो तो टोकाला. खरा कस लागतो तो ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ म्हणताना, कारण तिथे टोक वर वळवून टाळूकडे न्यावे लागते. ल आणि र यांनाही टोक उचलावे लागते. इंग्रजी पुस्तकांतले उच्चारांचे निकष आपल्याकडे जसेच्या तसे लावणे म्हणूनच अपुरे ठरते: मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना जिभेचे टोक मागे वळवण्याचे काम इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त पडते. तरीही आखूड बंध असलेली कित्येक माणसे जिभेचा मधला भाग वापरून हे वर्ण नीट काढतात. शरीर तडजोड शिकते.

सीमाभागात आणखी एक पारख हाताशी आहे. घरात कन्नड बोलणारी व्यक्ती मराठीतला ‘चमचा’मधला च ‘चहा’तल्या चसारखा उच्चारत असेल, पण तिचा कन्नडमधला ळ आणि ण स्वच्छ असेल, तर तिच्या जिभेत दोष नाही. कन्नडमध्ये च चे हे दोन वेगळे उच्चार नाहीत, एवढेच. बंधाचा दोष भाषा बदलली म्हणून जात नाही. तो दोन्ही भाषांत, त्याच वर्णांवर दिसतो. हेल आणि दोष यांतला हा फरक न कळल्याने शाळेत चिडवली गेलेली मुले पुढे प्रौढपणी शस्त्रक्रियेची चौकशी करत येतात, हे खेदाचे आहे.

बोलताना अडखळणे, एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणे किंवा शब्द अडकून राहणे हा तर बोलण्याच्या ओघाचा प्रश्न आहे. त्याचा उगम मेंदूच्या बोलण्यावरील नियंत्रणात आहे आणि बंध कापून तो सुटत नाही. जिभेवर वेखंड उगाळून चाटवण्याची जुनी रीत आहे, तिनेही बंधाची लांबी बदलत नाही. उच्चाराच्या आणि ओघाच्या तक्रारीसाठी आधी वाचाउपचारतज्ज्ञाची तपासणी हवी. कर्नाटकात या विषयाची मोठी सरकारी संस्था म्हैसूरला १९६५ पासून आहे, मुंबईत अली यावर जंग संस्था आहे. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मुलांबाबत काढलेल्या एकमताच्या निवेदनातही, बंधामुळे सहसा बोलणे बिघडत नाही, असेच म्हटले आहे. मोठ्या माणसांवरचा अभ्यास त्याहून कमी आहे. घोरणे, मानदुखी, डोकेदुखी बंध कापल्याने जाते, अशा दाव्यांना भक्कम आधार नाही.

मग प्रौढांना शस्त्रक्रिया कशासाठी लागते? टोकाच्या वर्णांवर स्पष्ट अडथळा असेल आणि वाचाउपचाराने तो सुटत नसेल, ओठावरचे किंवा दाढेमागचे अन्नकण जिभेने काढता येत नसतील, जीभ बाहेर काढताना बंध खालच्या दातांवर घासून जखम होत असेल, तर. कवळी वापरणाऱ्यांची अडचण याहून ठळक असते. हाड झिजलेल्या जबड्यात बंध कवळीच्या काठापर्यंत येतो आणि जीभ हलली की खालची कवळी उचलली जाते. काही वेळा कवळीला खाच पाडून भागते, काही वेळा बंध सोडवावा लागतो.

‘ओठाच्या बंधामुळे दातांत फट पडते, बंध काढला की फट बुजते’

वरच्या दोन पुढच्या दातांत लहानपणी फट असणे स्वाभाविक आहे. सुळे येताना, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, ती बहुधा आपोआप मिटते. प्रौढपणी उरलेल्या फटीला दातांचा आकार, जबड्याची रुंदी, जिभेने दात ढकलण्याची सवय, हिरडीचा आजार अशी अनेक कारणे असतात. वय वाढल्यावर नव्याने पडलेली फट तर बहुतेक वेळा हिरडी आणि हाड झिजल्याची खूण असते.

ओठाचा बंध कुठे जोडला आहे, यावर १९७४ मध्ये प्लाचेक आणि सहकाऱ्यांनी त्याचे चार प्रकार पाडले. ओठ ओढल्यावर दातांमधली हिरडी पांढरी पडली किंवा हलली, तर बंध खाली उतरला आहे असे समजतात. तेव्हाही तो कापल्याने दात सरकत नाहीत. फट तारा लावून बुजवावी लागते. बंध सहसा फट मिटल्यानंतर काढतात, कारण आधी काढला तर तिथला वण दात जवळ येण्यात अडथळा ठरू शकतो. नंतर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून मागून पातळ तार चिकटवून ठेवतात. हिरडी ओढली जाऊन दाताचे मूळ उघडे पडत असेल, ब्रश फिरवताना बंध सतत दुखावत असेल, तर मात्र ओठाच्या बंधाची शस्त्रक्रिया उपयोगी पडते.

‘लेझरने केले की ना रक्त, ना दुखणे’

डायोड किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरने रक्तस्राव कमी होतो, टाके बहुधा लागत नाहीत आणि काही अभ्यासांत पहिल्या दिवसांतले दुखणे कमी आढळले आहे. पण लेझरची जखमही जखमच, ती उघडी भरून येते. दूरच्या निकालात लेझर पात्यापेक्षा निर्विवाद सरस ठरलेला नाही. यंत्रापेक्षा करणाऱ्याचा हात आणि आधीचे निदान जास्त मोलाचे.

न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये शवविच्छेदन करून दाखवले, की जिभेखालचा बंध हा सुटा दोरा नाही. तोंडाच्या तळावरचे अस्तर आणि त्याखालचा पातळ पापुद्रा यांची ती घडी आहे. दोन्ही बाजूंना लाळेच्या नलिकांची तोंडे, शिरा आणि संवेदनेच्या नसांचे धागे अगदी जवळ असतात. बाळाचा पातळ पडदा क्षणात कापता येतो. प्रौढात बंध जाड असतो, तिथे लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, बंध आडवा सोडवतात आणि उभे टाके घालतात. वण आखडण्याची भीती असेल तर इंग्रजी झेडच्या आकारात छेद देऊन अस्तराचे दोन तुकडे अदलाबदल करून शिवतात, त्याने लांबी वाढते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्तस्राव, सूज, लाळेची नलिका दुखावून जेवताना तळाशी फुगवटा येणे, टोकाची बधिरता, वण पडून जीभ पुन्हा आखडणे हे धोके कमी असले तरी खरे आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

बेळगावात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. निपाणीकरांना कोल्हापूरही महामार्गाने जवळ पडते. दंत महाविद्यालयात हिरड्यांचा, जबड्याच्या शस्त्रक्रियेचा आणि तोंडाच्या आजारांच्या निदानाचा विभाग एकाच छताखाली असतो, म्हणून बंध आहे की फायब्रोसिस ही शंका तिथे लवकर फिटते.

‘टाके निघाले, काम संपले’

जखमेवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरा-पिवळसर थर येतो. तो पू नसून भरून येण्याचा भाग असतो, तो खरवडायचा नाही. पहिले काही दिवस मऊ भात, ताक, पेज बरी. तिखट ठेचा आणि गरम रस्सा थोडे लांब ठेवावेत. जीभ वर, बाहेर आणि दोन्ही कडांना नेण्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून सुरू करावे लागतात. पण वीस-तीस वर्षे तडजोडीने बोललेली जीभ सुटली म्हणून लगेच नवा उच्चार काढत नाही. तो शिकावा लागतो आणि त्यासाठी वाचाउपचाराला महिने जाऊ शकतात. विडीतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते. मिश्री आणि चुना तर थेट जखमेवर बसतात. जखम साधारण दोन आठवड्यांत अस्तराने झाकली जाते. त्यानंतरही व्रण तसाच राहिला, कडा कडक लागल्या किंवा रक्त येत राहिले, तर त्या जागेचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा लागतो.