वरकस जमिनीतील कारळ्याचे तेल

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, जेथे नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांची खोरी सह्याद्रीच्या मुख्य रांगेपर्यंत चढत जातात, त्या भोर व वेल्हे (आताच्या राजगड) तालुक्यांत खाचरांतील भात पोटरीस येऊ लागते त्याच सुमारास वरचे उतार पिवळ्या फुलांनी भरून जातात. ती फुले कारळ्याची, म्हणजेच खुरासणीची. जमाबंदीच्या दफ्तरात ज्यांची नोंद वरकस म्हणून झाली आणि ज्यांवरील आकार त्यामुळेच हलका राहिला, अशा या जमिनींत आधी नाचणी, मग वरई, आणि मातीचा कस उतरल्यावर अखेरीस कारळे घेऊन पुढे काही वर्षे जमीन पड टाकावयाची, हा क्रम मावळातील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. इथिओपियाच्या पठारावरून प्राचीन काळीच हिंदुस्थानात आलेले हे पीक खताची फारशी अपेक्षा करीत नाही आणि गुरेही त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. शहरी वाचकास कारळे ठाऊक असते ते चटणीपुरते. त्याच्या तेलाची योग्यता मात्र, माझ्या मते, मोठ्या किमतीस विकल्या जाणाऱ्या अनेक सुगंधी तेलांहून उणी नाही.

कारळ्याच्या बारीक काळ्या दाण्यात वजनाच्या सुमारे ३० ते ४० टक्के तेल असते. घाण्यावर काढलेले हे तेल फिकट पिवळे, पातळ आणि किंचित गोडसर चवीचे असून त्यातील स्निग्धाम्लांत निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेइक आम्लाचा असतो. हे आम्ल मानवी शरीरास स्वतः घडविता येत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. आणि त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील जे स्निग्ध द्रव्य अंगातील ओलावा बाहेर जाऊ देत नाही, त्याच्या रचनेत या आम्लास अनिवार्य स्थान आहे. ते कमी पडले की कातडी कोरडी होऊन तिच्या खपल्या निघतात. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना याच आम्लाने समृद्ध असलेले सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावले असता रुग्णालयात जडणाऱ्या जंतुसंसर्गाचा धोका ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग कारळ्याच्या तेलाचा नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि दोन्ही तेलांच्या घडणीतील साम्य पाहता, हिवाळ्यात फुटणाऱ्या हातापायांस रात्री हे तेल चोळण्याच्या रिवाजास सबळ आधार आहे असे म्हणावयास हरकत नाही.

केसांच्या बाबतीत मात्र मी इतक्या निःशंकपणे लिहिणार नाही. केसाचा जो भाग आपणांस दिसतो तो निर्जीव असतो. त्यावर घातलेले तेल मुळास पोसते व केस वाढविते, हा समज कितीही जुना असला तरी त्यास पुरावा नाही. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, धुण्याविंचरण्याने केसांतील प्रथिनांचा होणारा ऱ्हास खोबरेल तेलाने कमी होतो, सूर्यफुलाच्या तेलाने होत नाही, असे आढळले. कारण खोबरेलातील लॉरिक आम्लाचे लहान व सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. तेव्हा कारळ्याचे तेल केसांस तुकतुकी आणील आणि विंचरताना गुंता सोडवील. त्याहून अधिक त्याच्याकडून मागू नये.

आणखी एक गोष्ट अशी की, ज्या लिनोलेइक आम्लामुळे हे तेल त्वचेस मानवते, त्याच आम्लावर हवेची व प्रकाशाची क्रिया लवकर होऊन तेल खवट होते. म्हणून वर्षभराची बेगमी तेलाची न करता दाण्यांची करावी, सुके दाणे हवाबंद डब्यात ठेवावेत, आणि घाण्यावरून थोडे थोडे तेल काढून आणून गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावे. वास बदललेले तेल अंगासही लावू नये, मग पोटात घेणे दूरच. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. तान्ह्या बाळास किंवा इसब असलेल्या कातडीस लावण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

ताज्या दाण्यांचा हा पुरवठा टिकावयाचा तर उतारावरचे पीक टिकले पाहिजे, आणि मला खरी चिंता वाटते ती याची. वरकस जमिनींची खरेदीखते होऊन तेथे कुंपणे उभी राहत आहेत. शिवाय कारळ्याच्या फुलात स्वतःच्याच परागाने बी सहसा धरत नाही. मधमाश्यांनी एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेला तरच दाणा भरतो, आणि भोवतालचे रान तुटले की मधमाश्याही विरळ होतात. इगतपुरीच्या कृषी संशोधन केंद्रातून ‘फुले कारळा’ यासारखे सुधारित वाण निघाले आहेत. त्यांची पेरणी करणाऱ्याने फुलोऱ्याच्या दिवसांत शेताच्या बांधावर मधपेट्या ठेवल्यास दाणा अधिक भरतो आणि घरास मधही मिळतो.