व्हॉट्सॲप सोडणे एवढे अवघड का?

व्हॉट्सॲप सोडण्याचा निश्चय करणारे अनेकजण थोड्याच दिवसांत परत येतात. वरवर पाहता हा मनोनिग्रहाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो समूहाचा प्रश्न आहे. गोवराची लस गावात एकाच बालकाला दिली तरी त्या बालकाला तिचा लाभ मिळतो. संदेशांचे नवे ॲप मात्र एकट्याने घेतले तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. अशा माध्यमाचे मोल त्याच्या गुणांपेक्षा त्यावर कोण कोण आहेत, यावर ठरते.

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने गोपनीयतेचे नवे धोरण जाहीर केले, तेव्हा असंख्य लोकांनी सिग्नल आणि टेलिग्राम घेतले. व्हॉट्सॲपचे संदेश २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने सांकेतिक केले जातात. परंतु व्हॉट्सॲपच्या वापराविषयीची बरीच अन्य माहिती कंपनीकडे जमा होते. सिग्नल अशी नोंद फारच थोडी ठेवते. तरीही आपले बहुतेक व्यवहार होते तेथेच राहिले. ट्विटरला पर्याय म्हणून २०२० मध्ये निघालेले ‘कू’ मराठीतही उपलब्ध होते. जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये झोहो कंपनीच्या ‘अरट्टाई’कडे लोकांची रीघ लागली, पण रोजचे गट व्हॉट्सॲपवरच चालू राहिले.

याउलट, २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. हे सुकर झाले, कारण एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलता येतेच. युरोपीय संघाने मोठ्या संदेशसेवांना अन्य सेवांशी जोडणी देण्याचे कायदेशीर बंधन घातले आहे. आपल्याकडे तसे बंधन नाही. म्हणून निघायचे तर सर्वांनी मिळूनच निघावे लागते.

बारडोलीकरांना हे तत्त्व नवे नाही. १९२८ मध्ये एकट्यादुकट्या खातेदाराने सारा थांबवला असता, तर त्याची जमीन गेली असती आणि सरकारचे काही बिघडले नसते. गावोगाव एकत्र प्रतिज्ञा झाल्या, वल्लभभाईंनी तालुकाभर छावण्या उभारल्या, म्हणून २२ टक्क्यांची सारावाढ चौकशीअंती ६.०३ टक्क्यांवर आली. आपला प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे, परंतु त्याचे मर्म तेच आहे.

ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून येणाऱ्या माता बाळाच्या अंगावरील पुरळाचे छायाचित्र मला व्हॉट्सॲपवरच पाठवतात. त्यांच्यापाशी दुसरे साधन नाही. ते दार मी बंद करणार नाही. परंतु आपण डॉक्टर आपसांत बालकांची छायाचित्रे आणि अहवाल पाठवून जी चर्चा करतो, ती हलवणे आपल्या हाती आहे. ही छायाचित्रे अनेकदा आपल्या फोनमध्ये घरच्या छायाचित्रांशेजारी साठत जातात, याचाही विचार व्हावा.

त्यासाठी माझी सूचना अशी : दहा-पंधरा जणांचा गट, एकच विषय आणि आधी ठरवलेली एक तारीख. त्या तारखेनंतर रुग्णांविषयीची चर्चा जुन्या गटात पूर्ण थांबवावी. ती तेथे चालू राहिली, तर सगळे पुन्हा तेथेच परततील. शुभेच्छा आणि विनोद खुशाल जुन्या गटात राहू द्यावेत. रुग्णाने विश्वासाने सोपवलेली गोष्ट मात्र आपण सर्वांनी मिळून सुरक्षित जागी न्यावी, ही विनंती.