जावयाचं वाण

अधिक महिना आला, की लेकीच्या आईला एकच प्रश्न पडतो : जावयाला वाण काय द्यायचं? २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता आणि मी नेमकी लेकीकडे होते, अमेरिकेत, फ्लोरिडात, मायामीच्या जवळ. अनारसे मी मिरजेहूनच डब्यात भरून नेले होते. छत्तीस केले होते, म्हणून वाटेत मोडून बरोब्बर तेहतीस उरले. पण नुसते अनारसे कसे द्यायचे? चांदीची वाटी घेऊ का, अंगठी घेऊ का, असं मी जावयांना विचारलं. ते म्हणाले, ''आई, काही नको. तुम्ही एक दिवस आमच्याबरोबर बोटीवर चला, बस्स.''

मग लेकीने स्वयंपाकघरात येऊन खरं काय ते सांगितलं. भर समुद्रात जाऊन गळाने मासे पकडायची जावयांना तीन वर्षांपासून हौस. पण अख्खी बोटच दिवसभराच्या भाड्याने घ्यावी लागते. बोट, डिझेल, गळ, आमिष, परवाना सगळं धरून बाराशे डॉलर. शिवाय खलाशाला वीस टक्के बक्षिशी द्यायची रीत, ती वेगळी. अशा छोट्या बोटीवर सहाच पाहुणे नेता येतात. जावयांच्या ऑफिसातलं एक तेलुगू जोडपं तयार होतं. आम्ही दोघी आल्या तर सहा होतात. दोघी म्हणजे मी आणि विहीणबाई. हो, त्याही तेव्हा तिथेच होत्या, आणि त्या पुण्याच्या, पक्क्या शाकाहारी!

आमचा वाटा चारशे डॉलर. त्या वेळच्या भावाने जवळजवळ तोळाभर सोनं. मी म्हटलं, हेच वाण. पेन्शनमधून साठवलेले पैसे होते, ते मी दिले. पण खरं सांगू? मला जायचं नव्हतं.

मी मालवणची. माझे बाबा मच्छीमार. पहाटे होडी परत यायची, बाबा आणि काका मासे वाळूत ओतायचे, आई पाटी घेऊन बाजारात जायची. बांगडा, सौंदाळे, कर्ली, इसवण (म्हणजे तुमची सुरमई) असा कोणताही मासा मी डोळे मिटून नुसत्या हाताने ओळखते. रापणीचा दोर ओढायला किनाऱ्यावर मी सगळ्यांच्या पुढे असायची. पण होडीत पाय ठेवायचा नाही. दहा-अकरा वर्षांची असताना एकदा मी हट्टाने चढून बसले होते. बाबांनी उचलून मला खाली वाळूत उभं केलं आणि एवढंच म्हणाले, ''चेडवा, ह्या तुजा काम न्हय.'' रागावले नाहीत. ते रागावले असते तर मी विसरले असते. लग्न होऊन मिरजेला आले, पस्तीस वर्षं बर्फातले मासे घेतले. बाबांना जाऊनही पंधरा वर्षं झाली. आता जावयाच्या पैशांनी (बरं, माझ्या पैशांनी) गोऱ्या माणसाच्या बोटीत चढायचं, हे मनाला पटेना.

असो. रविवारी पहाटे साडेचारला निघालो. मायामीपासून खाली समुद्रात बेटांची एक माळ आहे, तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. एकामागून एक पूल ओलांडत रस्ता थेट टोकाच्या की वेस्टपर्यंत जातो. आम्हाला सुमारे एकशे तीस किलोमीटरवरच्या इस्लामोराडा या गावी थांबायचं होतं. हे गाव स्वतःला गळाच्या मासेमारीची जगाची राजधानी म्हणवतं. आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, इर्मा चक्रीवादळाने या बेटांना झोडपलं होतं. काही घरांवर अजून निळी ताडपत्री दिसत होती. ती बघून मात्र मला एकदम गावाकडं आल्यासारखं वाटलं.

बोट पांढरीशुभ्र, चाळीसेक फुटांची. वर मचाण, दोन्ही बाजूंना लांबच लांब काठ्या. कॅप्टन म्हणजे आपला तांडेल, साठीचा. आणि खलाशी कोण? त्याची मुलगी! चोविशीची असेल. अनवाणी, केसांची वेणी टोपीतून बाहेर काढलेली, कमरेला पक्कड. मी तिच्याकडे बघतच राहिले.

आणि पहिल्याच मिनिटाला घोटाळा झाला. विहीणबाईंची एकादशी होती, म्हणून त्यांच्या पिशवीत अर्धा डझन केळी. मुलीने ती पाहिली मात्र, तिने दोन्ही हात वर केले. ''नो बनानाज!'' बोटीवर केळं म्हणजे अपशकुन, मासा मिळत नाही, अशी तिथल्या मच्छीमारांची पक्की समजूत. कारणं दहा जण दहा सांगतात. कोणी म्हणतं, पूर्वी केळी नेणारी जहाजं फळ नासू नये म्हणून इतकी पळवायचे, की गळाला मासा लागायचाच नाही. कोणी म्हणतं, घडांमधून विषारी कोळी यायचे. तांडेल हसत होता, पण इंजिन सुरू करेना. शेवटी केळी धक्क्यावर ठेवली. विहीणबाई पुटपुटल्या, ''आपण समुद्राला नारळ देतो, आणि यांना केळं चालत नाही!'' त्यांच्या पिशवीत दाण्याचे लाडू होते म्हणून बरं.

तेवढ्यात तांडेल वरून म्हणाला, आज डॉल्फिन पकडू. विहीणबाई पांढऱ्या पडल्या. मीही दचकले, कारण आमच्या मालवणच्या समुद्रात डॉल्फिन उड्या मारताना मी पाहिलेत. जावयांनी घाईघाईने खुलासा केला. तिथले लोक माही-माही नावाच्या माशालाच डॉल्फिन म्हणतात, त्या खेळकर प्राण्याशी याचा काही संबंध नाही. हा मासा आपल्या अरबी समुद्रातही असतो.

बोटीत बसणार असाल तर एक सांगते. ओकारीची गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर नाही. पोट रिकामं ठेवू नये. बंद केबिनमध्ये तर मुळीच बसू नये. उघड्यावर थांबून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं. विहीणबाईंनी यातलं सगळं उलटं केलं. उपवास, गोळी नको म्हणाल्या, आणि ऊन लागतं म्हणून आत जाऊन बसल्या. अर्ध्या तासात त्यांची जी अवस्था झाली! मी त्यांना धरून बाहेर आणलं, मागच्या बाकावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं, आल्याचा तुकडा दिला. लग्न ठरल्यापासून आमच्यात एक अवघडलेपण होतं. मानपानावरून एक गोष्ट झाली होती, ती इथे नको. पण एखादीची पाठ चोळत तासभर बसलं, की मानपान कुठं राहतो?

प्रवाळाचे खडक मागे पडले आणि पाण्याचा रंगच बदलला. हिरव्याचं निळं, निळ्याचं जांभळट निळं. हा गल्फ स्ट्रीम, म्हणजे समुद्रातच वाहणारी ऊबदार पाण्याची नदी, ताशी सरासरी सहा किलोमीटर वेगाने उत्तरेकडे जाणारी. मुलीने चार गळ सोडले, बोट हळू चालू ठेवून ते मागे ओढत न्यायचे. तांडेल मचाणावरून मासा शोधत नव्हता, पक्षी शोधत होता. फ्रिगेट नावाचा काळा, लांब पंखांचा पक्षी जिथे घिरट्या घालतो तिथे खाली मासा असतो. नाही तर तरंगणारं पिवळसर शेवाळ शोधायचं. त्याच्या सावलीत छोटे मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे येतात. बाबासुद्धा आधी आकाशाकडेच बघायचे.

दोन तास काही नाही. तेलुगू जोडपं झोपलं. मी मनातल्या मनात चारशे डॉलरला दोन तासांनी भागत होते. आणि अचानक एक रीळ किंचाळलं. हो, किंचाळलंच. मग दुसरं. शेवाळाखालून माहींचा थवा निघाला होता. जावई, लेक, तेलुगू मुलगा सगळे एकदम भिडले. मुलगी ओरडत होती, ''एक पाण्यातच ठेवा, वर घेऊ नका!'' गळाला लागलेला एक मासा पाण्यात राहिला, की बाकीचे त्याला सोडून जात नाहीत, बोटीभोवतीच फिरत राहतात. मग त्यांनाही धरायचं. हे ऐकून विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

पट्टीवर मोजून वीस इंचांपेक्षा लहान सगळे परत पाण्यात. हा कायदा, आणि ती मुलगी अर्धा इंचही सोडत नव्हती. एक चांगला मोठा मासा मध्येच शार्कने तोडला, वर आलं ते नुसतं डोकं. शार्कला तिथे टॅक्सवाला म्हणतात. विहीणबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मग मुलगी काठी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी मान हलवली, नको. तिला काही कळलं नसावं किंवा सगळं कळलं असावं. तिने माझ्या कमरेला पट्टा बांधला, काठीचं बूड त्यात रोवलं आणि माझे हात धरून ठेवले. तंगूस ताठ झाला. काठी वर उचलायची, खाली नेताना रीळ गुंडाळायचं, एवढंच. दोन मिनिटांत माझे दंड थरथरायला लागले. मासा पाण्याबाहेर उसळला तेव्हा तो रंग मी पाहिला. सोनेरी, पोपटी, निळा, मोराच्या मानेसारखा. आयुष्यभर मासे हाताळले, पण हा रंग मला माहीत नव्हता. मुलीने आकडी घालून त्याला वर घेतलं. कपाळ सपाट, म्हणजे नर. बारा पौंड. बर्फाच्या पेटीत ठेवेपर्यंत तो रंग उतरला आणि आपल्या बाजारात दिसतो तसा राखाडी मासा तिथे पडला होता. बाबांना हे रोज दिसत असणार. त्यांनी कधी सांगितलं नाही, किंवा आम्ही विचारलं नाही.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, ''तुमचे वडील पोटासाठी मारायचे. हे लोक खेळ म्हणून मारतात. तुम्हाला काही वाटत नाही?'' 'एका कोळियाने' हे पुलंनी केलेलं हेमिंग्वेच्या पुस्तकाचं भाषांतर त्यांनी तरुणपणी वाचलं होतं, तो म्हातारा त्यांच्या डोक्यात होता. मला उत्तर सुचलं नाही. मोजून घेणं, लहान सोडणं, हे मला पटलं. आमच्याकडे आता बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा ओढून नेतात, ते काही पोटासाठीच असतं असं नाही. पण हसतखेळत, फोटो काढत मारायचं, हे अजूनही मला जमतंय असं वाटत नाही. हात मात्र आनंदाने थरथरत होते, हेही खोटं सांगणार नाही.

परतताना मी लेकीमार्फत त्या मुलीला विचारलं, तुझ्या बापाने तुला येऊ कसं दिलं? ती म्हणाली, आजोबांचा विरोध होता. बाबा म्हणाले, आधी एक वर्ष रोज संध्याकाळी बोट गोड्या पाण्याने धू, मग बघू. धुतली. पुढची दोन वर्षं जवळजवळ रोज ओकले. आता स्वतःच्या कॅप्टनच्या परवान्याचा अभ्यास चाललाय. वर तांडेल पाठमोरा उभा होता. त्याने ऐकलं असेल नसेल.

धक्क्यावर मुलीने झपझप तुकडे काढून पिशव्या भरल्या आणि डोकी-काटे पाण्यात टाकायला लागली. खाली पेलिकन पक्षी आणि टार्पन नावाचे मोठाले मासे वाट बघत होते. मी ओरडले, ''डोकं मला दे!'' तिने दोनदा खात्री करून घेतली. केळी जागेवर होती, ती विहीणबाईंनी तिथेच सोलून खाल्ली.

एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी मी त्या डोक्याचं तिरफळं घालून सार केलं. विहीणबाईंनी वरणभात घेतला आणि चौकशी मात्र चारदा केली, कसं झालंय. रात्री मालवणला भावाला फोन लावला. बाबांची होडी गेली, आता त्याची यांत्रिक बोट आहे. तिकडे जूनच्या पहिल्या तारखेपासून मासेमारी बंद, तो जाळी विणत बसला होता.

''केवढो होतो मासो?''

सांगितलं.

''आणि डिझेल किती जाळल्यानी?''

तेही सांगितलं. तो बराच वेळ हसत होता. मग गप्प झाला. मग म्हणाला, ''नारळी पुनवेक ये. घेतंय तुका होडयेत.''

मी गेले. फार लांब नाही, सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून परत. भाचा हात द्यायला पुढे आला, पण माझ्याआधी वहिनी चढली. तीस वर्षं तिने या घरचे मासे विकले, तिचाही पाय होडीत पहिल्यांदाच पडत होता. नारळ वाहून झाल्यावर तिने पदराखालची पिशवी उघडली. त्यात पेढे होते आणि केळी होती. मी काही बोलले नाही.